विझल्यासारख्या कोळशावर काही ओतू नका

प्रश्न : काका, आमचं शेत निपाणीजवळ आहे. सुट्टीत घरची सगळी मंडळी संध्याकाळी शेतावर चिकन भाजायला जमतो. कोळसा लवकर धरेना म्हणून धाकट्या भावानं मोटरसायकलमधलं पेट्रोल बाटलीत काढून वर ओतलं. जाळ थेट बाटलीपर्यंत आला. त्यानं बाटली फेकली म्हणून वाचला. पेट्रोल न ओतता कोळसा कसा पेटवायचा? आणि वळीव आला तर शेगडी तंबाखूच्या पत्र्याच्या खोलीत घेतली तर चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भावाला भाजलं नाही हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. खानापूर भागात लग्नकार्याचा स्वयंपाक करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. जांबोटीकडच्या एका कार्यात माझ्या हाताखालच्या पोरानं विझल्यासारख्या दिसणाऱ्या कोळशावर रॉकेल ओतलं. जाळ आला नाही, नुसता पांढरा धूर निघाला. पोरगा फुंकायला वाकला आणि तो सगळा धूरच भप्पकन पेटला. भुवया गेल्या, उजव्या हाताची कातडी सोलून निघाली. तो धूर नव्हता, तापलेल्या रॉकेलची वाफ होती. पेट्रोलला तर तापायचीही गरज नसते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीची वाट बघते.

त्यापेक्षा तेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा घ्या. वरचं तोंड पूर्ण कापा, बुडाला आणि खालच्या कडेला खिळ्यानं भरपूर भोकं पाडा. रंग जळून जावा म्हणून पहिल्यांदा नुसता कागद घालून जाळून घ्या. जस्ताची बादली मात्र वापरू नका, जस्त तापलं की त्याच्या धुरानं थंडीताप येतो. डबा तीन विटांवर ठेवा. विटांऐवजी वेदगंगेतले गोटे नकोत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि गोटा फुटून तुकडे उडतात. डब्यात कोळसा भरा, खाली विटांमध्ये चुरगळलेला पेपर आणि करवंटीचे तुकडे ठेवून पेटवा. आणि मग हात लावू नका. वारा खालून ओढला जातो, १५-२० मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडा राखाडी होतात. तेव्हा जाड कोरड्या गोणपाटानं धरून शेगडीत ओता. ओलं फडकं घेतलं तर त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. आमच्याकडं काही जण काजूची टरफलं टाकून पेटवतात. तसं करू नका, टरफलातल्या तेलाच्या धुरानं डोळे आणि घसा होरपळतात.

आता खोलीचं. चालणार नाही, दार उघडं ठेवूनही नाही. धूर नाही, वास नाही, लालबुंद निखारा शांत दिसतो, त्याच वेळी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. असं कुणाला वाटलं तर आधी उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. त्यात तुमच्या खोलीत वाळलेली तंबाखू. पाऊस आला तर चिकन आत न्या, घरच्या गॅसवर होईल. शेगडी बाहेरच भिजू दे.

जेवण झाल्यावर निखाऱ्यावर थोडं थोडं पाणी घाला, काठीनं ढवळा, परत घाला. चर्र आवाज थांबेपर्यंत हे चालू द्या. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो आणि शेजारी उसाचा पाला असला तर वाऱ्याच्या एका झुळकीचं काम असतं. कुणाला भाजलंच तर २० मिनिटं गार पाण्याची धार धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका.

आणि भावाच्या बाटलीत पेट्रोल उरलं असेल तर ते आजच्या आज टाकीत परत ओता. शेतावर पाण्याच्या बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि तहानलेलं पोर वास घेऊन पीत नाही.