पायाची सूज, दोन स्ट्रिप्स आणि “नुसती नर्स”

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की मी ह्यूस्टनला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे, तर त्यावरच इतकी पत्रं आली की गुडघे, झोप, केस गळणं हे सगळं पुढच्या महिन्यावर ढकललंय. नावं छापत नाही, गाव पुरे.

प्रश्न (सांगली): मी ६४ वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने गेले होते, तिथे पाय सुजायला लागले म्हणून सुनेने दवाखान्यात नेलं. डॉक्टर आलेच नाहीत, नर्स प्रॅक्टिशनर म्हणून एक बाई आली, अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मोजे काढायला लावून पायाला प्लास्टिकचा दोरा टोचत बसली, आणि माझ्या गोळ्यांच्या पिशवीतली एक स्ट्रिप बाजूला काढून म्हणाली ही बंद. आमचे इथले डॉक्टर एमडी आहेत, वीस वर्षं त्यांच्याकडे जातेय. त्यांची गोळी एका नर्सने बंद करावी हे बरोबर आहे का? दोन्ही स्ट्रिप्सची नावं खाली लिहिली आहेत. मुलाने पैसे वाचवायला मला नर्सला दाखवलं असंही मनात येतं, पण त्याला विचारवत नाही.

उत्तर: काकू, आधी मुलाचं सांगते, म्हणजे तुमचा जीव शांत होईल. पैसे वाचवायला नाही हो नेलं. इथे फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट नवीन पेशंटला कधीकधी कित्येक आठवडे मिळत नाही, आणि नर्स प्रॅक्टिशनर त्यामानाने लवकर मिळते, तुमच्या सुनेला सुजलेले पाय दिसत होते, तिने जे लवकर मिळालं ते घेतलं. मी असते तर हेच केलं असतं.

आता स्ट्रिप. नावं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, कंपन्यांची नावं छापत नाही. एकीत टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन अशी दोन औषधं एकाच गोळीत आहेत, आणि दुसरीत नुसतं अ‍ॅम्लोडिपिन, नाव वेगळं, रंग वेगळा. म्हणजे तुम्ही अ‍ॅम्लोडिपिन रोज दोनदा घेत होतात, ५ आणि ५, १० मिलिग्रॅम. या औषधाने घोट्यापाशी सूज येते हे पहिल्यापासून माहीत असलेलं आहे, आणि डोस वाढला की सूज वाढते. माझा अंदाज, तुमच्या डॉक्टरांनी कधीतरी साधी गोळी बदलून एकत्रवाली दिली असणार आणि घरात उरलेली जुनी स्ट्रिप “संपवून टाकू, वाया कशाला” म्हणून चालूच राहिली, असं तर होत नाही ना? (आमच्या आईकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून विचारते.) तसं असेल तर चूक डॉक्टरांचीही नाही आणि त्या बाईने त्यांची गोळी बंद केली असंही नाही, जी त्यांनी आधीच बंद केली होती ती तिने पिशवीतून बाहेर काढली. तरी आता दोन्ही स्ट्रिप्स घेऊन त्यांना दाखवा, आणि तोवर बाकीची कुठलीही गोळी मनाने सोडू नका.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. सूज बघून पाणी काढायची गोळी लिहून देणं दोन मिनिटांचं काम होतं. मग त्या गोळीने लघवी जास्त, रात्री चारदा उठणं, सोडियम-पोटॅशियमची गडबड, चक्कर, मग चक्करेला अजून एक गोळी. असे पेशंट मी दर आठवड्याला बघते, पिशवीत अकरा-बारा स्ट्रिप्स आणि त्यातल्या तीन आधीच्या गोळीचा त्रास निस्तरायला. म्हणून आम्ही सगळी पिशवीच आणायला सांगतो, त्यात आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीने दिलेलं कॅल्शियम, मेथीची कॅप्सूल सगळं आलं पाहिजे, आणि ते टेबलावर ओतून एकेक विचारत बसायचं, ही कधी, कशासाठी, कुणी दिली. तो तुमचा अर्धा तास त्यात गेला.

आणि तो दोरा! दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, साधा नायलॉनचा तंतू आहे, पायाला टेकवून दाबला की ठरलेल्या दहा ग्रॅमच्या जोरालाच वाकतो. डोळे मिटायला सांगून अंगठ्याला, टाचेपुढे, चवड्याला टेकवायचा आणि पेशंटने “लागलं” म्हणायचं. जिथे टेकवलं आणि पेशंट गप्प, तिथली नस शुगरने दमलेली. अशा पायात काटा गेला, चप्पल चावली तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावर दवाखाना गाठतात. आपल्या बायका घरात अनवाणी वावरतात म्हणून मी तर देशी पेशंटच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा बघते. तुम्हाला “पायाला टोचत बसली” असं वाटलं, माझ्या मते त्या व्हिजिटमधलं सगळ्यात कामाचं तेच होतं.

प्रश्न (कोल्हापूर): ताई, ही नेमकी पोस्ट काय आहे? तुम्ही आधी नर्स होतात ना, मग प्रॅक्टिशनर कशा झालात?

उत्तर: गोष्ट १९६५ ची. अमेरिकेत खेड्यापाड्यात डॉक्टर मिळेनात, त्याच वर्षी मेडिकेअर, मेडिकेड या म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कायदा झाला म्हणजे पेशंट वाढणार होते. कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड नावाची पब्लिक हेल्थ नर्स गावोगाव फिरून मुलांच्या तपासण्या करायची, तिने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून कोलोरॅडो विद्यापीठात पहिला कोर्स काढला. तिचं म्हणणं सरळ होतं, नर्सेस हे काम आडरानात करतच आहेत, त्यांना नीट शिकवा आणि अधिकार द्या. गंमत म्हणजे विरोध डॉक्टरांइतकाच नर्सिंगच्या प्राध्यापिकांनीही केला, तुम्ही डॉक्टरांच्या कळपात चाललात म्हणून. ती बाई १०४ वर्षं जगली, २०२५ च्या जानेवारीत गेली.

माझं म्हणाल तर सरळ रस्ता नव्हताच. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मिशन हॉस्पिटलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, आमच्या वेळी साडेतीन वर्षांचं होतं. पहिल्या वर्षी स्पंजिंग, बेड मेकिंग आणि बेडपॅन, इन्चार्ज सिस्टर चादरीच्या कोपऱ्यावरून ओरडायच्या, तेव्हा राग यायचा. मग मुंबईत मेडिकल वॉर्डला चार वर्षं, नाइटला तीस पेशंट आणि दोन सिस्टर. २०१३ ला लग्न होऊन इकडे आले, एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा व्हिसा, काम करायला बंदी. दोन वर्षं घरात बसून पोळ्या लाटल्या आणि एनसीलेक्सचा, म्हणजे इथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, अभ्यास केला, त्यात कागदपत्रं तपासणाऱ्यांनी कळवलं की मानसोपचाराचे तास कमी भरतायत, ते इथे पूर्ण करा. २०१५ च्या मे महिन्यात एच-फोरवाल्यांना काम करायची परवानगी मिळाली (सगळ्यांना नाही, ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याच्या पुढे गेलंय त्यांनाच), मग रजिस्टर्ड नर्स म्हणून नोकरी, नोकरी करता करता बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी, मग फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरची मास्टर्स आणि शेवटी नॅशनल सर्टिफिकेशनची परीक्षा. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, तिला वाटायचं आईचं नावच “अभ्यास”.

तपासणं, निदान, टेस्ट सांगणं, औषध लिहिणं हे सगळं आम्ही करतो. कितपत स्वतंत्रपणे ते राज्यावर आहे. ओरेगन, अ‍ॅरिझोनात स्वतःचं क्लिनिक काढता येतं, आमच्या टेक्ससमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, आणि अफूच्या वर्गातली कडक औषधं तर हॉस्पिटल नाहीतर हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या पेशंटची सेवा) याबाहेर लिहिताच येत नाहीत.

वॉर्डातली सवय अजून सुटलेली नाही. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत कसा चालत आला ते मी कॉम्प्युटर उघडायच्या आधी बघते. आणि शेवटी “समजलं का?” असं कधीच विचारत नाही, कारण आपला माणूस भीडेखातर हो म्हणतो. त्याऐवजी विचारते, “आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?” मग खरं बाहेर येतं. एका आजोबांनी सांगितलं, “इन्सुलिन जेवणाआधी, आणि उपास असला तर डबल.” कुठून आलं डबल कोण जाणे! पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

प्रश्न (पुणे, एक फिजिशियन): साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी करून आम्ही जे करतो ते दोन वर्षांच्या कोर्सवर कसं जमतं? हा शॉर्टकट नाही का?

उत्तर: सर, तुमचा राग मला अर्धा पटतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणात क्लिनिकलचे किमान तास आधी ५०० होते, आता नव्या निकषात ७५० केलेत, आणि फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत हजारो तास घालतो, ही बरोबरी होऊच शकत नाही. त्यातून आता काही जण एक दिवसही बेडसाइडला न काढता थेट ऑनलाइन मास्टर्सला बसतात, प्रिसेप्टर, म्हणजे हाताखाली शिकवणारा अनुभवी माणूस, स्वतःच शोधा म्हणून कॉलेजं सांगतात, ते मलाही अजिबात आवडत नाही. ही पदवी वॉर्डातल्या वर्षांच्या पायावर उभी आहे असं धरून बनवली होती, तो पायाच काढला तर राहिलं काय.

माझीच एक चूक सांगते. पन्नाशीची बाई, उजव्या बाजूला कमरेच्या वर जळजळ, दोन दिवस. लघवी तपासली, नॉर्मल, त्वचा स्वच्छ, मी स्नायू आखडलाय म्हणून शेक आणि पेनकिलर देऊन पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन, पट्ट्यासारखं पुरळ आलंय, आणि मागून तिच्या सासूबाईंचा आवाज, “अगं नागीण आहे ती, मी पहिल्या दिवशीच म्हटलेलं!” पुरळ आल्यापासून ७२ तासांत अँटीव्हायरल सुरू केलं तर चांगलं, तेवढं जमलं. पुरळ नसताना कुणालाही चकवा बसला असता असं माझे करारातले डॉक्टर म्हणाले, पण एका बाजूची जळजळ आहे, पुरळ दिसलं तर त्याच दिवशी फोन करा, एवढं मी सांगायला हवं होतं आणि नाही सांगितलं. आता सांगते. आणि जिथे चित्र जुळत नाही तिथे त्या डॉक्टरांना फोन लावते, पेशंटसमोरच लावते, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

प्रश्न (लातूर): मॅडम, मी जीएनएम तिसऱ्या वर्षाला आहे. मला हे करता येईल का? भारतात आहे का असं काही?

उत्तर: आहे बाळा, पण नाव तेच असलं तरी काम तेच नाही. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आहे, पोस्ट ग्रॅज्युएट, म्हणजे आधी बीएस्सी नर्सिंग आणि कामाचा अनुभव लागतो. तुला जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागेल. त्यात आयसीयूमध्ये ठरलेल्या प्रोटोकॉलच्या आत काम, स्वतःचं क्लिनिक वगैरे नाही. दुसरा रस्ता मिडवाइफरीचा, १८ महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचं ट्रेनिंग, बाळंतपणात हात बसलेला असेल तर हे मला जास्त आवडतं. आणि गावाजवळ राहायचं असेल तर आरोग्य मंदिरातली (गावातलं सरकारी आरोग्य केंद्र) सीएचओची, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची पोस्ट आहे, सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स. बीपी, शुगर, गरोदर बायका, टीबी, गावातलं पहिलं दार तीच असते. फोर्डबाई कोलोरॅडोत जे करायच्या त्याच्या सगळ्यात जवळचं मला हेच वाटतं, पगार आणि मान दोन्ही अजून तसे नाहीत हा भाग वेगळा.

अमेरिकेचं स्वप्न एजंटच्या भरवशावर बघू नकोस. एनसीलेक्स भारतात बसून देता येते, पण भारतीयांची ग्रीन कार्डची रांग वर्षानुवर्षांची आहे, नर्सलासुद्धा. “सहा महिन्यांत पाठवतो, आधी तीन लाख भरा” असं कोणी म्हणालं की फोन ठेव. दोन वर्षं मेडिकल वॉर्ड कर आधी, चकचकीत ओपीडी नको.

प्रश्न (नाशिक): नर्स प्रॅक्टिशनरला हाक काय मारायची? डॉक्टर म्हटलं तर चालतं का?

उत्तर: नका म्हणू. काहींनी डॉक्टरेट केलेली असते, तरी दवाखान्यात त्या शब्दाने पेशंटचा गोंधळ होतो. नावाने हाक मारा, इथे तेच चालतं. माझ्याकडे एक जळगावचे आजोबा येतात, ते मला “डॉक्टरसिस्टर” म्हणतात, मी दर वेळी दुरुस्त करते आणि ते दर वेळी मान डोलावतात, आणि जाताना दारातून म्हणतात, “येतो हां, डॉक्टरसिस्टर.”