सही करणारा हात आहे तोवर

प्रश्न : मी 1965 साली पलटणीत भरती झालो आणि 1983 साली नाईक म्हणून पेन्शनवर आलो. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव सुमन आहे, म्हणजे लग्नात ठेवलेलं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे मात्र तिचं माहेरचं नाव, पार्वती. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, तिची जन्मतारीखच नाही. माझी जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यापेक्षा दहा महिन्यांनी पुढची लागली आहे. मुलगा म्हणतो, पेन्शन वेळेवर येतेय, आता कशाला उकरून काढता? मी ऐंशीच्या घरात आलोय. काय करावं?
– एक माजी नाईक, माण तालुका, जि. सातारा

उत्तर : दादा, राम राम. या एका बाबतीत मुलाचं ऐकू नका. हा कागद तुमच्यासाठी नाही, वहिनींसाठी दुरुस्त करायचा आहे, आणि तो तुमच्या हयातीतच व्हायला हवा.

मी बावीस वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयात, क्लार्क होतो, सुभेदार होऊन बाहेर पडलो. एक बाई आठवते. नवरा जाऊन चार महिने झाले होते. कापडी पिशवीत सगळे कागद घेऊन ती एसटीने रात्रभर प्रवास करून आली होती. मी तिच्या नवऱ्याचा शीट रोल, म्हणजे नोकरीचा नोंदपट, टेबलावर उलगडला. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. बायकोच्या रकान्यात निळ्या शाईत ‘कमल’. रेशनकार्डावर ‘इंदुबाई’. तिनं पिशवीतून लग्नपत्रिका काढली, हळदीचे डाग पडलेली, तर तिच्यावरही माहेरचंच नाव, चि. सौ. कां. इंदू. ती म्हणाली, “साहेब, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं कमल लिहिलं होतं त्यांनी. ते कुठून आणून दाखवू?” तिची पेन्शन सुरू व्हायला सव्वा वर्ष गेलं. तोवर ती उसनवारीवर जगली. नवरा असताना त्याच्या एका अर्जानं जे झालं असतं, त्यासाठी तिला आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करत फिरावं लागलं. ते मला अजून लागून आहे.

यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. जवान लग्नाची सुट्टी संपवून पलटणीत परततो आणि क्लार्कला नवं नाव सांगतो. तो क्लार्क केरळचा नाहीतर बिहारचा, ऐकू येईल तसं इंग्रजीत लिहितो. इकडे गाव तिला जुन्याच नावानं हाक मारतं आणि रेशनकार्डावर तेच चढतं.

आता कामाचं. आधी एक नाव पक्कं करा. माझं मत विचाराल तर पार्वतीच ठेवा. आधार, पॅन, बँक सगळं बदलत बसण्यापेक्षा पलटणीचा एक कागद बदलणं सोपं. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापत्र करा. नोटरीचं चालेल का, हे आधी विचारून घ्या, नाहीतर दुसरी खेप पडते. त्यात सुमन आणि पार्वती ही एकच व्यक्ती, माझी कायदेशीर पत्नी, हे वाक्य स्वच्छ हवं. दोन्ही नावांपुढे तुमचं नाव आणि आडनाव लावा आणि इंग्रजी स्पेलिंग आधारवर आहे तेच घाला. ‘पार्वती’ आणि ‘पार्वतीबाई’ ही संगणकाला दोन वेगळी माणसं वाटतात. जन्मतारखेसाठी वहिनींचा शाळेचा दाखला मिळतो का बघा, दुसरी-तिसरीपर्यंत शिकल्या असतील तरी रजिस्टरला नोंद सापडते. नाहीच मिळाला तर आधार आणि पॅनवरची तारीख. फक्त ती दोन्हीकडे एकच आहे ना, हे बघून घ्या. आपल्याकडे कित्येक आयाबायांची तारीख 1 जानेवारी पडलेली असते.

हे सगळं, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, दोघांचा एकत्र फोटो, असं घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथं अर्ज तपासून, सही-शिक्का घेऊन तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टानं पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर आर्मी नंबर, हुद्दा, नाव. नंबरात एक आकडा चुकला तरी पत्र दुसऱ्याच्या फाइलला लागतं.

रेकॉर्ड ऑफिस आधी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा लेखी आदेश, काढतं. पुष्कळ जण इथंच थांबतात. तुम्ही थांबू नका. त्या ऑर्डरीवरून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून दुरुस्तीचा पीपीओ निघायला हवा आणि तोच बदल ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या सरकारी संकेतस्थळावर दिसायला हवा. नातवाला सांगून स्पर्शवर वहिनींचं नाव आणि तारीख उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. उत्तरच आलं नाही, तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून ऑर्डरीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

जन्मतारखेला मी इतकं का धरून बसलोय? फॅमिली पेन्शन, म्हणजे नवऱ्यामागे बायकोला मिळणारी पेन्शन, घेणारी बाई ऐंशीची झाली की पेन्शन वीस टक्के वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. तारीखच नोंदलेली नसेल तर ती वाढ आपोआप लागत नाही, आणि म्हाताऱ्या बाईला ती मागायची असते हेही कुणी सांगत नाही.

तुमच्या स्वतःच्या तारखेचं मात्र सोडून द्या. भरतीच्या दिवशी जी लिहिली तीच धरून तुम्ही नोकरी केलीत, तीच धरून पेन्शनवर आलात. इतक्या वर्षांनी ती बदलून मिळत नाही, आणि वहिनींच्या अर्जात तो विषय घातलात तर अख्खी फाइल अडेल. दहा महिन्यांपायी तो धोका पत्करू नका.

पार्ट टू ऑर्डर निघाली की तिचा नंबर आणि तारीख मासिकाच्या पत्त्यावर मला कळवा. पुढचं पत्र काय लिहायचं ते मी लिहून देतो.