सैन्यभरतीची सक्ती मुलींनाही असावी का?

माझ्या मते, सक्ती असेलच तर दोघांनाही असावी. नॉर्वेत १९९७ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींनाही ती लागू आहे. पण तिथे सरसकट सगळ्यांना उचलून नेत नाहीत. आधी प्रश्नावली, मग शारीरिक चाचणी, आणि त्यातून थोडेच जण निवडले जातात. प्रत्यक्ष लढाईचं म्हणाल, तर पाठीवरचं ओझं पेलतं की नाही एवढंच बघा; निकष मात्र दोघांना एकच हवा.

आपल्याकडे सक्तीच नाही, त्यामुळे प्रश्न तूर्त कागदावरचा. तरी एक गंमत सांगतो: राज्यघटनेचं कलम २३(२) सार्वजनिक कामासाठी सक्तीच्या सेवेला मुभा देतं. त्यात धर्म, वंश, जात, वर्ग यांवरून भेदभावाला मनाई आहे, पण लिंगाचा उल्लेखच नाही!