लिम्फोसाइट कमी, तरी बी पेशी माजलेल्या?

प्रश्न : डॉक्टर, माझी धाकटी बहीण 27 वर्षांची आहे. गेल्या वर्षी काजूच्या हंगामात उन्हात राबली आणि गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे धरले, ताप हटेना. शेवटी पणजीला नेलं, तिथे ल्युपस निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, 'तिच्या बी पेशी स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी तयार करतायत. हार्मोनचे न्यूक्लियर रिसेप्टर असतात, त्यांचाही यात हात आहे.' पण रिपोर्टात तर लिम्फोसाइट, म्हणजे बी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी, कमी दाखवलेत. पेशी कमी, तर त्या माजल्या कशा? प्रेडनिसोलोनने तोंड सुजलं म्हणून ती गोळी बंद करू म्हणते, आईचंही तेच मत. शिवाय ड जीवनसत्त्व कमी आलंय. दर्याकाठी, एवढ्या उन्हात राहून ते कमी कसं?
– एक वाचक भगिनी, वेंगुर्ले तालुका

उत्तर : ताई, तुमच्या शंकांचा क्रम मी बदलते. आधी गोळीचं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. ती गोळी एकाएकी बंद करू देऊ नका. काही वर्षांपूर्वी बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईंचं रक्त माझ्या लॅबमध्ये आलं होतं. सोडियम उतरलेलं, साखर उतरलेली. बाईंना उठून बसवत नव्हतं. आठ महिने चालू असलेलं स्टेरॉइड त्यांनी एका दिवसात सोडलं होतं, कारण बाजारात जो तो 'तुझं तोंड फुगलंय' म्हणत होता. बाहेरून गोळी मिळत राहिली की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी त्याच जातीचं स्वतःचं हार्मोन, कॉर्टिसोल, करायचं थांबवतात, आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन वेळेवर मिळालं म्हणून त्या बाई वाचल्या. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, पायरीपायरीने. डोस उतरला की चेहऱ्याची सूजही उतरते, हे आईला आणि बहिणीला दोघींनाही सांगा.

आता न्यूक्लियर रिसेप्टर. मी राजापूर तालुक्यातली. आमच्याकडे न्यूक्लियर म्हटलं की जैतापूर आठवतं, आणि हा शब्द ऐकून दचकलेले पेशंट मी पाहिलेत. इथे अर्थ एवढाच, की पेशीच्या केंद्रकात जाऊन काम करणारं प्रथिन. रिसेप्टर म्हणजे हार्मोनसारख्यांचा निरोप धरणारं प्रथिन. बहुतेक रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात. पण इस्ट्रोजेन, कॉर्टिसोल, ड जीवनसत्त्व ही द्रव्यं स्निग्धात विरघळणारी; ती आवरण ओलांडून आत जातात. आत त्यांचं ठरलेलं प्रथिन असतं. दोघांची गाठ पडली की ती जोडी डीएनएवर नेमक्या जागी बसते आणि काही जनुकं चालू करते, काही दाबते. माणसात असे 48 न्यूक्लियर रिसेप्टर आहेत. बी पेशी किती जन्माला याव्यात, त्यांतल्या किती जगाव्यात, कुणी अँटिबॉडी बनवायला बसावं, या प्रत्येक टप्प्यावर त्यांतले काही ना काही हजर असतात.

बी पेशींचा आणि हार्मोनचा संबंध पहिल्यांदा कोंबडीत दिसला. कोंबडीच्या शेपटीकडे एक पिशवी असते. पादुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याच्या नावावरून तिला 'बर्सा' ऑफ फॅब्रिशियस म्हणतात. ती काढलेल्या कोंबड्या अँटिबॉडी करू शकत नाहीत, हे 1956 मध्ये ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं, तेही कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. बी पेशीतला 'बी' या बर्साचा. त्यानंतर 1959 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन उबवणीच्या अंड्यात टोचलं, तर पिल्लात ती पिशवी वाढलीच नाही. बी पेशी हे नावही अजून पडलं नव्हतं, आणि हार्मोन त्यांचं बियाणंच मोडू शकतं हे समोर आलं होतं. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर त्याच विचारात होते.

माणसाला ती पिशवी नाही. आपला तरवा, म्हणजे बी पेशींची रोपं, अस्थिमज्जेत उगवतो. तरवा हा भाताच्या रोपांचा शब्द मी मुद्दाम वापरते. पावसाच्या तोंडावर दाट पेरायचं, मग काढून खाचरात लावायचं. आमच्या तरव्यात भातासारखंच दिसणारं गवत उगवायचं, आणि आई वाकून एकेक काडी निवडून उपटायची. अस्थिमज्जेतही तेच चालतं. नव्याने तयार झालेल्या बी पेशींपैकी निम्म्याहून अधिक स्वतःच्या शरीराला चिकटणाऱ्या असतात. त्यांतल्या बऱ्याचशा तिथेच मारल्या जातात किंवा बदलल्या जातात, उरलेल्यांची निवडणी प्लीहेत होते. मग लावणी, म्हणजे प्लीहा, लसिका ग्रंथी, आतडं.

इस्ट्रोजेन, बायकांतलं मुख्य हार्मोन, इथे दोन जागी हात घालतं. पेऱ्यावर ते आवर घालतं. गाभण उंदरांच्या अस्थिमज्जेत बी पेशींची रोपं कमी होतात, नुसतं इस्ट्रोजेन दिलं तरी कमी होतात, आणि इस्ट्रोजेन नसलं तर वाढतात. हा परिणाम काही अंशी पेशींवर थेट होतो, काही अंशी त्यांना पोसणाऱ्या मज्जेतल्या पेशींमार्फत. पण निवडणीच्या वेळी तेच इस्ट्रोजेन उलटं वागतं. डीएनएविरुद्ध अँटिबॉडी करणाऱ्या बी पेशी मुद्दाम घातलेल्या उंदरांत इस्ट्रोजेन वाढवलं, तर ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या जगल्या. म्हणजे पेरा विरळ झाला, पण तण उपटलं गेलं नाही. तुमच्या 'कमी, तर माजल्या कशा'चं उत्तर बरंचसं इथे आहे. किती पेशी उरल्या यापेक्षा कुठल्या उरल्या ते इथे पाहावं लागतं.

तुमच्या हातातला रिपोर्ट तर याहून वेगळंच मोजतो. रक्तातल्या लिम्फोसाइटमध्ये बी पेशी साधारण 5 ते 15 टक्के. जास्त भरणा टी पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटच्याच दुसऱ्या जातीचा. शिवाय शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी रक्तात फिरतात त्या 2 टक्क्यांच्या आसपास. ल्युपसमध्ये हा आकडा पुष्कळदा उतरतो, आणि प्रेडनिसोलोनची गोळी घेतल्यावर काही तासांतच लिम्फोसाइट रक्त सोडून मज्जेकडे वळतात. त्या आकड्यावरून बी पेशींचा माज कळत नाही.

मग हार्मोनच सगळ्याचं मूळ का? नाही. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही मुलं होण्याच्या वयातल्या, यामागे इस्ट्रोजेन आहेच. पण बायकांतलं दुसरं एक्स गुणसूत्रही आहे. क्लाइनफेल्टर ही जन्मजात स्थिती असलेल्या पुरुषांत एक्स जास्तीचं असतं, आणि त्यांनाही ल्युपस इतर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. म्हणून बहिणीला 'तुझ्याच अंगातल्या हार्मोनने केलं' असं कुणी ऐकवू नये.

इथे एक गोष्ट न विचारता सांगते. गणपतीत पाळी येऊ नये म्हणून आपल्याकडे घरोघरी गोळ्या आणल्या जातात. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरोन असतं. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, तेही न्यूक्लियर रिसेप्टरवरच बसणारं, आणि शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ल्युपसच्या काहीजणींत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. बहिणीने ही गोळी किंवा इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गौरीला जेवण वाढायला दुसरं कुणी उभं राहील.

प्रेडनिसोलोनही असंच रिसेप्टर गाठतं. त्याचा रिसेप्टर केंद्रकाबाहेर थांबलेला असतो, गोळी पोचली की आत जातो. कोवळ्या बी पेशी त्याने मरतात. म्हणूनच मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, जो बहुधा बी पेशींच्या कुळातला असतो, स्टेरॉइड हे मुख्य औषधांपैकी एक आहे. पण मज्जेत मुरून बसलेल्या, वर्षानुवर्षं अँटिबॉडी ओतणाऱ्या जुन्या पेशी त्याला सहज बधत नाहीत. ताप आणि सांधे चार दिवसांत सुधारतात आणि अँटिबॉडीचा आकडा मात्र रेंगाळतो, तो याचमुळे.

ड जीवनसत्त्वाचं कारण सोपं आहे. ल्युपसमध्ये ऊन बाधतं, म्हणून ती आता उन्हाला अंग देत नाही, आणि द्यायलाही नको. छत्री, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन चालू ठेवा. बांगडा, तारली खात असाल तर चांगलंच, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. डॉक्टर देतील तो डोस घ्यावा. चाळवलेल्या बी पेशीत या जीवनसत्त्वाचा रिसेप्टर वाढतो, आणि प्रयोगशाळेत त्याने बी पेशींचं अँटिबॉडी करणाऱ्या पेशीत रूपांतर मंदावतं. हे खरं आहे. पण तेवढ्यावरून ड जीवनसत्त्वाने ल्युपस बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिला ते हाडांसाठी हवंच आहे, स्टेरॉइड हाडं झिजवतं.

पुढच्या खेपेला लिम्फोसाइटच्या आकड्याशी अडून बसू नका. डबल स्ट्रँडेड डीएनएविरुद्धची अँटिबॉडी, सी-3, सी-4 ही रक्तातली प्रथिनं आणि लघवीतलं प्रथिन, एवढं मागच्या वेळचं आणि आत्ताचं शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा. त्यातही लघवीची तपासणी चुकवू नका. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही, लघवीला फेस येतो तोही सगळ्यांच्या लक्षात येत नाही. ती तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते, पैसे थोडेच लागतात, आणि सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत नेली की पुरते.