कन्सोलवर ‘बंदी’ की कन्सोल ‘वाळीत’?

कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, वापरणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “‘कंपनीने माझ्या मालकीच्या कन्सोलवर बंदी घातली’ असं वाक्य मी लिहिलं आणि लिहिल्यावर मलाच ते खटकलं. ‘बॅन’ला आपण ‘बंदी’च म्हणतो ना? आणि पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला ‘मालकीची’ म्हणायला काय हरकत?”

खटकलं ते योग्यच. ‘बंदी’ इथे नेमकी बसत नाही. ‘मालकी’ अर्धी बसते, आणि तिथेच खरी गंमत आहे.

आधी ‘बंदी’. एखाद्या वस्तूवर बंदी म्हटलं की ती त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंवर असते, एका नगावर नाही. दारूबंदी म्हणजे अमुक एका बाटलीला मनाई नव्हे. शिकारबंदी, निर्यातबंदी यांचंही तेच. खरीखुरी ‘कन्सोलबंदी’ही होऊन गेली आहे: चीनने २००० साली गेम कन्सोल बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली, ती २०१४मध्ये सैल झाली आणि २०१५मध्ये पुरती उठली. तिथे हा शब्द चपखल. तुमच्या बाबतीत मात्र एकच खोका, त्याच्या अनुक्रमांकावरून ओळखून, बाजूला काढलाय. शेजारच्याचा तसाच खोका मजेत चालू आहे.

मग नेमकं होतं काय? माझ्या भाच्याने वापरलेला कन्सोल घेतला (कोणत्या कंपनीचा ते सोडा). घरी आणून लावला, दिवा लागला, कार्ड घातलं, खेळ सुरू झाला. दोन दिवसांनी त्याने ऑनलाइन दुकानाच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि पडद्यावर चौकट आली: या यंत्राला सेवा वापरता येणार नाहीत. आधीच्या मालकाने काय उद्योग केले होते देव जाणे. भाचा म्हणाला, “मामा, चालतो तो. पण त्याला आत घेत नाहीत.”

याला मराठीत तयार शब्द आहे: वाळीत टाकणे. वाळीत टाकलेला माणूस आपल्या घरात राहतो, चालतो-बोलतो, त्याच्याशी व्यवहार तेवढा कोणी करत नाही. कन्सोलचं तंतोतंत तेच. पण या शब्दामागे माणसांच्या छळाचा इतिहास आहे, तो खेळाच्या यंत्रासाठी वापरू नये असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. बोलताना माझ्या तोंडी ‘वाळीत’ येतं. लिहिताना मी ‘प्रवेशबंदी’ लिहितो. ही बंदी एकट्यादुकट्यावर घालता येते आणि कुठे जाता येणार नाही तेही ती सांगते. ‘तडीपार’ मात्र नको, तडीपार माणसाला घरच सोडावं लागतं.

यंत्र पुरतंच बंद पाडलं तर गोष्ट वेगळी. त्याला पोरं ‘ब्रिक झाला’ म्हणतात, म्हणजे वीट झाला. आपला ‘डबा झाला’ काय वाईट आहे? कन्सोल बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीने मे २०२५मध्ये वापरणाऱ्यांसोबतचा करारनामा बदलला. नियम मोडल्यास यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचं निरुपयोगी करू शकतो, असं त्यात आहे. ही डबा करण्याची धमकी. पुढच्याच महिन्यात त्यांचा स्विच २ हा कन्सोल आला आणि नकली कार्डं वापरणाऱ्यांना २१२४-४५०८ या क्रमांकाची चूक दिसू लागली, ती मात्र प्रवेशबंदीची. दोन्हींना ‘बॅन’ म्हटलं की हा फरक पुसला जातो. अर्थात प्रवेशबंदीही हलकी नाही. स्विच २च्या काही कार्डांत खेळ नसतोच, नुसती किल्ली असते आणि खेळ सर्व्हरवरून उतरवून घ्यावा लागतो. ज्याला आत घेत नाहीत त्याने ती किल्ली कुठे फिरवायची?

आता ‘मालकी’. इथे आपली भाषा फार बारीक काम करते. ‘गाडी माझी आहे’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ ही दोन वाक्यं आपण कधी गल्लत न करता वापरतो. पहिल्यात मालकी आहे. दुसऱ्यात नुसता ताबा आहे, गाडी मित्राचीही असेल. हे कन्सोलला लावून बघा. खोका, तारा, कंट्रोलर माझे आहेत. आतली प्रणाली (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दुकानातून उतरवलेले खेळ माझ्याकडे आहेत. करारनाम्याच्या भाषेत त्यांचा फक्त परवाना मिळालेला असतो. आणि प्रणालीवाचून खोका म्हणजे पुन्हा डबाच.

‘ताबा’ हाही मजेदार शब्द आहे. तो अरबी ‘ताबिअ’वरून आला, मूळ अर्थ मागून चालणारा, आज्ञेतला. ‘ताबेदार’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे कन्सोल तुमच्या ताब्यात, पण ताबेदार कंपनीचा! सोनीने १ एप्रिल २०१०ला अपडेट देऊन आपल्या प्लेस्टेशन ३ या कन्सोलवर लिनक्स ही संगणकप्रणाली चालवण्याची सोय काढून घेतली. ही सोय कंपनीनेच जाहिरात करून दिली होती. अपडेट नाकारायची मुभा होती, पण नाकारलं तर ऑनलाइन जाता येत नव्हतं. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली.

गोंधळ खरा ‘विकत घेणे’ या क्रियापदाने घातलाय. विकलं की विकणाऱ्याचा विषय संपला, ही आपली समजूत काही भाबडी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८मध्ये हेच म्हटलं होतं. एका प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे विकू नये. न्यायालय म्हणालं, प्रत एकदा विकलीत, पुढच्या विक्रीवर कॉपीराइटच्या जोरावर अट घालता येणार नाही. पुस्तकाला पान होतं, कुलूप नव्हतं. आता वस्तू विकून तिची किल्ली स्वतःकडे ठेवता येते, आणि दुकानातल्या बटणावर शब्द मात्र जुनाच: ‘खरेदी करा’. या शब्दावर कॅलिफोर्नियाने कायदाच केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल वस्तूला, हा फक्त परवाना आहे असं ठळक सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ म्हणता येत नाही. कायमची उतरवून इंटरनेटविना वापरता येणारी वस्तू असेल तर सूट आहे. विधिमंडळाने केलेली शब्दचर्चाच म्हणायची ही. यामागच्या चर्चेत ‘द क्रू’ हा सर्व्हरशी जोडूनच चालणारा खेळ वारंवार यायचा. तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांच्याकडे चकती होती त्यांचाही खेळ गेला. चकती त्यांची होती, खेळ त्यांच्याकडे होता.

परवान्याला ‘भाडं’ म्हणावं असं काही जण सुचवतात. मला पटत नाही. भाड्याला मुदत असते आणि घर सोडताना अनामत परत मागता येते.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘कंपनीने माझ्या कन्सोलला ऑनलाइन सेवांची प्रवेशबंदी केली.’ ‘माझ्या’त मालकी आलीच, वर ‘मालकीच्या’ची गरज नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार लिहीत असाल तर मात्र तो शब्द अजिबात गाळू नका, तिथे भांडण त्याच शब्दाचं आहे.