वाचकांचे प्रश्न : संस्थानकाळातला नकाशा भिंतीवर लावण्यापूर्वी

प्रश्न : मंगळवार पेठेतला आमचा जुना वाडा उतरवताना माडीवरच्या लाकडी पेटीत कापडावर चिकटवलेला, घड्या घातलेला एक इंग्रजी नकाशा मिळाला. त्यात कोल्हापूर संस्थान आणि आसपासच्या जहागिरी वेगवेगळ्या रंगांत दाखवल्या आहेत. मिरजेहून कोल्हापूरला आलेला लोहमार्ग स्पष्ट दिसतो, राधानगरी मात्र कुठेच सापडत नाही. खालची कड फाटल्यामुळे साल गेले आहे. हा नकाशा किती जुना असावा आणि तो अस्सल आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ज्या दोन खुणा कळवल्या आहेत, त्यांनी निम्मे काम केलेच आहे. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. आपल्या नकाशात तो अखंड रेघेने दाखवला असेल, तर आपल्या हातातली प्रत त्याआधीची नसावी. नियोजित मार्ग बहुधा तुटक रेघेने दाखवत, म्हणून ती रेघ भिंगाखाली एकदा पाहून घ्यावी. राधानगरी हे नाव १९०८ मधले, शाहू महाराजांनी भोगावतीवरच्या धरणाचे काम हाती घेतले त्या वेळचे. यावरून नकाशा १८९१ ते १९०८ या काळातला आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण येथे थोडे थांबावे लागते. एखादी गोष्ट नकाशात असणे हा पक्का पुरावा असतो, नसणे हा कच्चा. नकाशाची मूळ पाटी, म्हणजे छपाईचा कोरीव पत्रा किंवा दगड, पुन्हा नव्याने तयार करणे खर्चाचे काम असल्यामुळे जुन्याच पाटीवर नवा लोहमार्ग किंवा नवी सडक तेवढी चढवून पुढची अनेक वर्षे प्रती काढल्या जात. तेव्हा १९१५ मध्ये छापलेल्या नकाशातही राधानगरी नसणे अगदी शक्य आहे. मोजणीचे साल, दुरुस्तीचे साल आणि छपाईचे साल अशी तीन साले एकाच कागदात दडलेली असतात, आणि विक्रेते त्यांतले सर्वांत जुने तेवढे सांगतात.

फाटलेल्या कडेचा उरलेला भाग टाकून देऊ नये. मुंबई इलाख्याचे पुष्कळ नकाशे पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक (छायाचित्राच्या साहाय्याने जस्ताच्या पत्र्यावरून छापणाऱ्या) कार्यालयात छापले जात आणि ती ओळ अगदी खालच्या समासात, बारीक अक्षरांत असते. तिचे चारदोन शब्द जरी शिल्लक असले, तरी छपाईची जागा आणि पद्धत कळते. कापडाच्या पाठीवर एखादी चिठ्ठी, कचेरीचा शिक्का किंवा शाईने लिहिलेले नाव असेल, तर त्याचेही छायाचित्र काढून ठेवावे. नकाशा आपल्या वाड्यात कोणत्या वाटेने आला हे पुष्कळदा तेवढ्यावरूनच समजते.

साल ठरवण्यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते आपण ओझरते लिहिले आहे : जहागिरींचे रंग. आजच्या जिल्ह्याच्या नकाशात एकसंध दिसणारा मुलूख तेव्हा कसा तुकड्यातुकड्यांचा होता, हे या रंगांइतके सोप्या रीतीने दुसरे काहीच सांगत नाही. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरी कोल्हापूरच्या हद्दीत आपापले रंग घेऊन बसलेल्या असतात. पूर्वेला सांगली, मिरज आणि कुरुंदवाड यांच्या मुलुखाचे तुकडे गोधडीच्या ठिगळांसारखे एकमेकांत शिरलेले असतात. रायबाग आणि कटकोळ येथे बोट ठेवून पाहावे. हा भाग कोल्हापूर संस्थानाचा होता, त्याच बाजूला तोरगलची जहागीरही होती, आणि आज हा सगळा मुलूख कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात आहे. उलट, आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका आपल्या नकाशात संस्थानाच्या रंगाबाहेर दिसेल, कारण तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगावहून इकडे आला. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि या हद्दी कागदावरच उरल्या. घरातल्या मुलांना हे सगळे त्याच कागदावर बोट फिरवून दाखवता येते, आणि मला तरी अशा नकाशाचे खरे मोल यातच दिसते.

आता अस्सलपणाविषयी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि रंग भरलेला एखादा भाग उजेडात पाहावा. रंग जर निळ्या, लाल, पिवळ्या आणि काळ्या बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनलेला दिसला, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई होय. मग कापड कितीही जुनाट दिसो. हाताने भरलेला रंग हद्दीच्या रेघेपाशी किंचित दाट होतो आणि कुठे कुठे रेघेच्या बाहेरही जातो. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेल्या नकाशाला चारी बाजूंनी पाटीचा दबलेला ठसा असतो आणि शाईची रेघ बोटाला किंचित उंच लागते. शिळाछाप (दगडावरून छापलेल्या) किंवा जस्ताच्या पत्र्यावरून काढलेल्या प्रतींत यांतले काहीच नसते, त्यामुळे ठसा नाही एवढ्यावरून नकाशा खोटा ठरवू नये. डोंगर कसे काढले आहेत हेही पाहावे : सह्याद्रीची रांग समोच्चरेषांऐवजी (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांऐवजी) उताराच्या दिशेने ओढलेल्या आखूड रेघांनी दाखवली असेल, तर ती जुनी पद्धत आहे. काही माथ्यांवर छोटे त्रिकोण आढळतील. ती त्रिकोणमितीय मोजणीची ठाणी होत. ही मोजणी विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आरंभली आणि काम चालू असतानाच १८२३ मध्ये ते वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथे आहे.

प्रश्न : माझ्याकडेही असाच एक जुना नकाशा आहे. तो दिवाणखान्यात सोफ्याच्या मागच्या भिंतीवर लावायचा आहे. फ्रेमवाले म्हणतात की कडा सारख्या कापून तो प्लायवूडवर चिकटवू, म्हणजे घड्या दिसणार नाहीत, आणि वरून लॅमिनेशन करू. हे योग्य होईल का?
— एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : कृपया असे करू नये. या तीन सूचनांपैकी एकही नंतर परतवता येत नाही, आणि जुन्या कागदावर जे परतवता येत नाही ते करायचेच नाही, हा या कामातला पहिला नियम आहे. समास कापला की छपाईची ओळ, प्रमाण आणि अक्षांश-रेखांशांचे आकडे जातात; प्लायवूडमधले आम्ल काही वर्षांत कागदात उतरते; लॅमिनेशन तर उष्णतेने कागदात मुरते आणि ते काढताना शाईही निघते. घड्यांच्या खुणा राहू द्याव्यात. नकाशा घोड्यावरून, बैलगाडीतून मुलूखभर हिंडला म्हणून त्या पडल्या आहेत, आणि कापडावर तुकडे चिकटवण्याची पद्धत मुळात घडीवर कागद फाटू नये यासाठीच होती.

फ्रेमवाल्यांना एवढेच सांगावे : मागे आणि पुढे आम्लरहित माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट), नकाशा केवळ वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन-तीन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगलेला, आणि काच व कागद यांच्यामध्ये मोकळी जागा. फेव्हिकॉल आणि सेलोटेप जवळही आणू नयेत. सेलोटेपचा डिंक कागदात शिरून जो तपकिरी डाग पडतो, तो निष्णात संवर्धकालाही पुरता काढता येत नाही. फाटलेल्या घड्या सांधायच्या असतील, तर ते काम कागदाच्या संवर्धकाकडेच द्यावे.

भिंत कोणती, हा प्रश्न फ्रेमपेक्षा मोठा आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि बाहेरच्या पश्चिम भिंतीला आतून ओल येत नाही अशी जुनी घरे थोडी. अशा भिंतीवर टांगलेल्या फ्रेमच्या पाठीला एका पावसाळ्यात बुरशी धरते, मागाहून कसर येते. म्हणून घराच्या आतली, दोन्ही बाजूंनी कोरडी भिंत निवडावी आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. थेट ऊन कधीच पडू नये. संग्रहालये कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश ठेवत नाहीत. घरात ते कठीण असले, तरी नकाशावर रोखलेला दिवा टाळता येतो. हाताने भरलेले रंग उन्हाने उडाले की ते परत येत नाहीत. आपण मला विचारलेच आहे म्हणून सांगतो : मी आपल्या जागी असतो, तर मूळ नकाशाचे उत्तम स्कॅन करवून त्याची छापील प्रत सोफ्यामागे लावली असती आणि मूळ नकाशा आम्लरहित कागदात, सपाट, कपाटाच्या खणात ठेवला असता. दोन्ही वाटा चालतील. प्लायवूडची तेवढी नको.

प्रश्न : घरात असे काही नाही, पण विकत घेण्याची इच्छा आहे. काय पाहावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सुरुवात करणाऱ्याने १८९३ च्या कॉन्स्टेबलच्या हॅन्ड ॲटलासमधली किंवा १९०९ च्या इंपीरियल गॅझेटियर ॲटलासमधली पाने नीट पाहावीत. दोन्हींचे नकाशे बार्थोलोम्यू या नकाशाकारांचे आहेत, छपाई सुरेख आहे आणि साल निश्चित आहे. गॅझेटियरच्या नकाशात ब्रिटिश मुलूख गुलाबी आणि संस्थाने पिवळी दिसतात. अधिक सजावटीचे हवे असेल, तर १८५१ च्या सुमाराचे जॉन टॅलिस यांचे नकाशे पाहावेत. त्यांच्या कोपऱ्यांत इमारतींची आणि माणसांची सुंदर चित्रे कोरलेली असतात, पण आपल्या भागाचा तपशील फारसा मिळत नाही. ज्याला पन्हाळा-भुदरगडची खेडी वाचायची आहेत, त्याने सर्व्हे ऑफ इंडियाची एका इंचाला एक मैल प्रमाणाची जुनी पाने शोधावीत. कोल्हापूरचा परिसर ४७ एल या क्रमांकाखाली येतो.

एक विनंती मात्र मनापासून करतो. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरसारख्या ग्रंथातून कापून काढलेले सुटे पान कोणी आणले आणि त्यावर ग्रंथालयाचा शिक्का असला, तर ते घेऊ नये. असे पान विकले जाते म्हणूनच पुढचा ग्रंथ फाडला जातो. नुसते पाहायचे असेल, तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आणि १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करावी.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो. आजोबांचा १९२० च्या सुमाराचा नकाशा तो सोबत घेऊन जाऊ शकेल का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : परस्पर नेऊ नये. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ऐतिहासिक महत्त्वाच्या दस्तऐवजांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे, आणि आपला नकाशा या दोन्ही मर्यादांच्या पलीकडचा आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आपला नकाशा त्या व्याख्येत बसतो की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तपासून घ्यावे, आणि बसत नसल्यास त्यांचे तसे प्रमाणपत्र मिळाल्यावरच तो सामानात ठेवावा. अर्जासोबत नकाशाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि लांबी-रुंदी जोडावी. उत्तर यायला वेळ लागू शकतो, म्हणून मुलाच्या परतीच्या तारखेच्या बरेच आधी अर्ज करावा.