बाबांच्या जीपीएसवर दोनच पानं ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंत की 67 वर्षांच्या बाबांना गार्मिनचा ईट्रेक्स 22एक्स (हातात धरायचं जीपीएस यंत्र) घेऊन दिला, रामटेकच्या टेकड्यांत फिरताना जवळ असावा म्हणून. आणि आता तो कपाटात पडून आहे, कारण स्क्रीनवर नेमकं काय बघायचं तेच त्यांना कळत नाही. यात बाबांचं काही चुकत नाही. 2.2 इंचांच्या पडद्यावर इतकं कोंबलेलं असतं की चष्मा लावूनही डोकं गरगरतं. रानात माणसाला तीनच गोष्टी हव्या असतात: मी कुठे आहे, गाडी कुठे आहे आणि उजेड किती वेळ राहणार. एवढंच ठेवा, बाकी सगळं काढा.

सुरुवात प्रोफाइलपासून, म्हणजे यंत्राच्या सेटिंगच्या संचापासून करा. सेटअपमध्ये प्रोफाइल्समध्ये जाऊन बाबांसाठी एक नवं बनवा आणि तेच चालू ठेवा. पुढचे सगळे बदल त्यातच साठतात, म्हणजे काही बिघडलं तरी तुमची मूळ मांडणी शाबूत राहते.

मग सेटअप, पेज सिक्वेन्स, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या पानांची यादी. इथून नकाशा आणि ट्रिप कॉम्प्युटर (वेळ, अंतर असे आकडे दाखवणारं पान) सोडून उरलेली पानं काढून टाका. कंपासचं पानही काढा. 22एक्समध्ये चुंबकीय होकायंत्र नाही (ते 32एक्समध्ये आहे), त्यामुळे दिशा फक्त चालताना कळते. माणूस थांबला की बाण भरकटतो आणि नवा माणूस घाबरतो. बाबांना एवढं सांगून ठेवा: दिशा बघायची तर आधी दहा पावलं चाला.

नकाशावरच्या आकड्यांच्या चौकटी बंद करा, पूर्ण पडदा नकाशाला द्या. ओरिएंटेशन ‘ट्रॅक अप’ ठेवा, म्हणजे समोरचं ते वर दिसेल. मला स्वतःला उत्तर वर असलेला नकाशा आवडतो, पण ज्यांनी नकाशे फारसे हाताळले नाहीत त्यांना ट्रॅक अपच सोपं जातं. ट्रॅक सेटिंगमध्ये ‘रेकॉर्ड, शो ऑन मॅप’ निवडाच. चाललेल्या वाटेची ती रेघ परतीला सगळ्यात जास्त कामाची.

ट्रिप कॉम्प्युटरवर घड्याळ आणि सूर्यास्ताची वेळ ठेवा, शक्य तितक्या मोठ्या आकड्यांत. हिवाळ्यात टेकडीच्या पूर्व उतारावर अंधार लवकर पडतो, तेव्हा याची किंमत कळते.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला महागात पडली आहे. पोझिशन फॉरमॅट, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश दाखवायची पद्धत, मुळात अंश आणि मिनिटांत असतो. नागपूरचं अक्षांश दशांशात साधारण 21.15 अंश, तेच यंत्र 21 अंश 09.000 मिनिटं असं दाखवतं. बरीच वर्षं झाली, खिंडसी तलावाच्या पलीकडून मी मित्राला फोनवर जागा सांगितली. मी मिनिटं वाचली, त्याने दशांश म्हणून लिहून घेतली. वरच्या उदाहरणात 21.15 चं 21.09 झालं तर माणूस साडेसहा किलोमीटरांहून जास्त दक्षिणेला जाऊन उभा राहतो. आमचंही तसंच झालं, आणि एप्रिलच्या दुपारी दोन तास पाण्याविना बसावं लागलं. म्हणून फॉरमॅट दशांश अंशांत करा. फोनवरच्या नकाशातही तसाच आकडा टाकता येतो, म्हणजे बाबांनी वाचलेला आकडा तुम्ही घरबसल्या तपासू शकाल.

राउटिंगमध्ये (ठिकाणापर्यंत वाट दाखवायची पद्धत) ‘डायरेक्ट’ ठेवा, नाहीतर यंत्र पायी माणसालाही डांबरी रस्त्याने फिरवून नेईल. ही सरळ रेघ फक्त दिशेसाठी, नाला आडवा आला तर आलेल्या वाटेनेच परतायचं.

बॅकलाइट कमीच ठेवा. हा पडदा उन्हात उजेडाशिवायच चांगला दिसतो, फक्त ऊन त्यावर पडेल असा हात कलता धरायचा. रिचार्जेबल सेल टाकत असाल तर सिस्टिममध्ये बॅटरीचा प्रकार बदला, नाहीतर चार्ज किती उरला ते चुकीचं दिसतं.

एवढं झालं की रविवारी सकाळी बाबांना अंबाझरीला घेऊन जा. स्कूटर लावली की यंत्रावरची छोटी काडी (थंब स्टिक) दाबून धरायला आणि मग ‘डन’ निवडायला सांगा, तिथेच खूण पडते. मग अर्धा तास मनसोक्त फिरू द्या आणि ‘वेअर टू’ (कुठे जायचं) या मेनूमधून ती खूण त्यांनाच निवडू द्या. यंत्र त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही मागून चाला.